सोकेंगच्या कानातलं नाव

ता वाफोला मातीआड करून आठ दिवस झाले, आणि नवव्या दिवशी सकाळी बोनावांतूर दुआलाहून आपल्या पांढऱ्या गाडीतून बालेफोला येऊन दाखल झाला. मयताला तो आला नव्हता. त्या दिवशी म्हणे त्याचा गुडघा धरला होता. पण वाफो गेला म्हणजे आता साक्षीदार एकच उरला, असं त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं, आणि गुडघा एका रात्रीत बरा झाला.

त्याची बहीण केने ओसरीवर शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती.

"ता कुठे आहेत?" गाडीचं दार लावायच्या आधीच त्याने वडिलांची चौकशी केली.

"आत आहेत, झोपलेत. प्रवास कसा झाला दादा?"

"झाला. आणि सोकेंग?"

"तोही आहे. तुझ्या गुडघ्यापेक्षा बरा आहे."

बोनावांतूर हसला नाही. कस्टममधून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस काहीतरी लपवतोय अशा नजरेनेच तो घरात शिरायचा. यावेळी मात्र घरात खरंच काहीतरी लपवलेलं होतं, आणि ते ज्याच्यापाशी होतं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

बालेफोच्या डोंगरावर घरचा मालक जिवंतपणीच आपल्या वारसाचं नाव दोन जुन्या मित्रांच्या कानात सांगून ठेवतो. तिसऱ्या कुणाला नाही, बायकोलाही नाही. मालक गेला, की मयताच्या गर्दीतून ते दोघे उठतात आणि एकाचा दंड धरतात. बस्स. घर, मळा, पूर्वजांच्या कवट्यांची सेवा, बापाची बांबूची खुर्ची आणि बापाचं नावसुद्धा त्याचं. त्यांच्या वडिलांनी, ता काप्चेंनी, शहाऐंशी वर्षं पुरी केली होती; ता म्हणजे बाप, आणि गावातल्या कुणाही वडीलधाऱ्यालाही ता म्हणत. त्यांचे दोन साक्षीदार म्हणजे वाफो आणि सोकेंग. वाफो गेला. आणि नव्वदीचा सोकेंग वाफोच्याच मयतात एका बकरीपाशी थांबून "वहिनी, धीर धरा" म्हणाला होता. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

दुपारपर्यंत धाकटा तेओफिलही चांगहून मोटारसायकलच्या मागे बसून आला. तो तिथल्या कॉलेजात गणित शिकवायचा. आल्याआल्या आईला, म्हणजे ता काप्चेंच्या दुसऱ्या बायकोला, मा व्हेरोनिकला भेटला, आणि मग वही काढून बसला.

"मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलंय ताई," तो केनेला म्हणाला. "दादा थोरला, म्हणून त्याला बेचाळीस टक्के. मी अडतीस. राहिलेले वीस अनिश्चित."

"त्या विसात मी असेन."

"तू?" तेओफिलने चष्मा वर केला. "तू नाहीस गं. तू तर इथेच असतेस."

केनेला वाईट वाटलं नाही. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. बापाची आंघोळ, औषध, ओरडा, सगळं तिच्याकडे. आशा लागावी असं तिच्यापुढे काही नव्हतंच. त्यामुळे ती बापाला तोंडावर बोलायची, आणि तो ऐकायचा.

जेवायला कच्च्या केळ्यांचं आणि बोकडाच्या मटणाचं कोंद्रे होतं. ता काप्चे खुर्चीत बसले, मुलं समोर बाकावर. निम्मं ताट संपलं. मग बोनावांतूरने घसा साफ केला.

"ता, माणसाच्या आयुष्याचा काही भरवसा नाही."

"खरंय," ता काप्चे म्हणाले. "तुझं वजन फार वाढलंय. जपायला हवं."

"मी सोकेंगबद्दल म्हणत होतो. त्यांना आता आठवत नाही. तेव्हा जे काही आहे ते तुम्ही पुन्हा एकदा कुणा विश्वासू माणसाला..."

"तू विश्वासू आहेस."

बोनावांतूरची छाती वर आली.

"तेओफिलही आहे," म्हातारा हाड चोखत म्हणाला. तेओफिलचीही आली. "दोघांतही गुण आहेत. बघू."

हे "बघू" त्या घरात अकरा वर्षं चाललं होतं. त्या एका शब्दावर बोनावांतूरने घरावर निळे पत्रे घालून दिले, तेओफिलने पाण्याची टाकी बसवली आणि दर महिन्याला शक्तीच्या औषधाची बाटली आणली. चाळीस वर्षं नवऱ्याशी भांडत आलेली मा व्हेरोनिक त्याला सकाळी "झोप लागली का?" असं विचारायला लागली. अशा शब्दाचा अर्थ विचारणं धोक्याचं असतं, म्हणून कुणी विचारलाही नव्हता.

"बघू नको, ठरवू," ता काप्चे हात धुवायला उठल्यावर मा व्हेरोनिक दबक्या आवाजात म्हणाली. "थोमाकडे जा. त्याच्या बिळातल्या कोळ्याला विचारा."

"कोळी?" तेओफिलने नाक मुरडलं. "मी गणिताचा माणूस आहे आई."

"मग तुझ्या गणिताला विचार. दिलंय का त्याने उत्तर?"

बोनावांतूरलाही कोळ्यावर विश्वास नव्हता. पण आपण नाही गेलो आणि तेओफिल गेला तर? तेओफिललाही नेमकं तेच वाटलं. दोघेही अविश्वासाने लगबगीने निघाले, मागोमाग मा व्हेरोनिकही. केनेला बरोबर घेतलं, कारण मा व्हेरोनिकचं म्हणणं, कुणीतरी असं हवं की ज्याचा यात काही संबंध नाही.

थोमा पूर्वी बसवर कंडक्टर होता. आता त्याच्या परसात जमिनीत राहणाऱ्या मोठ्या कोळ्याचं बीळ होतं, आणि गाव त्याला जाणता म्हणायचं. सवय मात्र जुनीच होती.

"पुढे सरका, पुढे सरका! मागच्यांना दिसू द्या," तो म्हणाला. मागे फक्त केने होती.

त्याने बिळाभोवती बिनबुडाचं मडकं ठेवलं, एका बाजूला काडी रोवली, दुसऱ्या बाजूला दगड ठेवला, आणि खुणा कोरलेली पानं बिळाच्या तोंडावर पसरली. "काडी म्हणजे हो, दगड म्हणजे नाही. कोळी बाहेर येईल, पानं हलवेल. प्रश्न सरळ विचारा. कोळी चुकत नाही, प्रश्न चुकतो."

बोनावांतूरने सरळ विचारलं, "ते नाव माझं आहे का?"

मडक्यावर झाकण पडलं. सगळे सावलीत जाऊन बसले. मडक्यातून खसखस ऐकू आली. पुष्कळ वेळाने थोमाने झाकण काढलं. निम्मी पानं काडीपाशी होती, निम्मी दगडापाशी.

"कोळी म्हणतो, हो," थोमा म्हणाला. "आणि नाही."

"हे तर ता फुकट सांगतात!"

तेओफिलने विचारलं तेव्हा कोळी बाहेरच आला नाही. पानं होती तिथेच.

"विचार करतोय," थोमा म्हणाला.

"पण हे उत्तर धरायचं की प्रश्न रद्द? त्यावर माझी टक्केवारी बदलते."

"साहेब, तो कोळी आहे. त्याला तुमची टक्केवारी कशाला हवी?"

शेवटी मा व्हेरोनिकचा धीर सुटला. "बाजूला व्हा दोघे! असं विचार रे थोमा, की ते नाव आहे तरी कुठे?"

"हो-नाहीचा प्रश्न नाही हा."

"विचार म्हणते ना!"

थोमाने विचारलं. यावेळी झाकण काढल्यावर तो खाली वाकला. तीन पानं सरळ बिळात ओढली गेली होती, एकाचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं. थोमाने डोक्यावरची टोपी काढली आणि कंडक्टरचा आवाज सोडून साध्या आवाजात म्हणाला, "नाव जमिनीखाली आहे."

परतीच्या वाटेवर पहिली पाच मिनिटं बोनावांतूर स्वतःच्या जिवाच्या धास्तीने आपली नाडी मोजत होता. मग मा व्हेरोनिक एकदम थांबली.

"चिठ्ठी! म्हाताऱ्याने चिठ्ठी लिहून पुरून ठेवलीय. तरीच तो उठसूट घरामागच्या अव्होकाडोखाली जाऊन उभा राहतो!"

सकाळपासून एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघे भाऊ तासाभरात एका झाडाखाली कुदळ आणि फावडं घेऊन उभे होते. तेओफिलने दोरी लावून परसाचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात चिठ्ठी सापडायची शक्यता खडूने दगडावर लिहिली. बोनावांतूरने गुडघ्याला फडकं बांधलं आणि सगळ्यात कमी शक्यतेच्या चौकोनापासून सुरुवात केली, कारण जास्त शक्यतेचे चौकोन धाकट्याने आधीच धरले होते. मा व्हेरोनिक मधे उभी राहून दोघांच्या फावड्यांवर डोळा ठेवून होती.

ता काप्चे खिडकीतून पाहत होते. "खोल घ्या रे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात बटाटे लावायचेत."

एक वाकडा चमचा सापडला. मुलाम्याचा मग सापडला. मग तेओफिलचं फावडं काचेवर खणकलं. तो खाली वाकला, हाताने माती सारली. शक्तीच्या औषधाची बाटली होती, भरलेली, झाकणही न उघडलेली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली आणखी.

तेओफिल खड्ड्यात बसूनच राहिला. "मी दर महिन्याला..." एवढंच तो म्हणाला.

बोनावांतूरला हसू फुटलं. इतकं की त्याला अव्होकाडोला टेकावं लागलं. मग वर निळ्या पत्र्यांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं.

केने मात्र ओसरीवर सुई हातात धरून बसली होती, आणि दोरा ओवायचं विसरली होती. जमिनीखाली. या घरातलं कोण जमिनीखाली होतं? तिचा सख्खा धाकटा भाऊ आर्मां. कोबीने भरलेला ट्रक घेऊन घाट उतरताना गेला, अकरा वर्षांपूर्वी. घरामागे त्याची कबर होती. अव्होकाडोपासून चार पावलांवर.

अकरा वर्षं. "बघू"सुद्धा तेवढंच जुनं होतं.

तिने गणवेश घडी घालून ठेवले, केळीच्या पानातली चवळीची कोकी बांधून घेतली आणि पलीकडच्या उतारावर सोकेंगकडे निघाली.

सोकेंग दारात बसून कोंबड्यांना मका टाकत होता आणि एकेकीला नावाने शिव्या देत होता. केनेला पाहताच त्याचा चेहरा कोरा झाला.

"तू वाफोची बायको ना?"

"वाफोची बायको जाऊन वीस वर्षं झाली. आणि ता सोकेंग, ज्या काळीला तुम्ही आत्ता चोरटी म्हणालात ती परवाच्या बाजारातून आणलीय. परवाची कोंबडी आठवते तुम्हाला?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग उरलेल्या तीन दातांनी हसला.

"त्या बकरीला मी वहिनी म्हटलं ते चांगलं जमलं होतं, नाही का?"

"गाव रडलं तुमच्यासाठी."

"रडू दे. वाफो गेला त्याच संध्याकाळपासून माणसं यायला लागली. तुझ्या भावाचा माणूस बाटली घेऊन आला. तुझी ती धाकटी आई पायाला तेल लावून देते म्हणाली. ज्याला आठवतं त्याला कुणी झोपू देत नाही पोरी. विसरलो तेव्हा कुठे दोन घास गोड लागले."

केने त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली. "मी नाव विचारायला आले नाही. मी सांगायला आलेय. तुम्ही काही बोलू नका. ते नाव आर्मांचं आहे."

सोकेंगने हातातला मका एकदम टाकून दिला. कोंबड्या तुटून पडल्या. 

"समज," तो शेवटी म्हणाला, "दुसऱ्या गावात एक म्हातारा होता. आपल्या नाही, दुसऱ्या. त्याने मित्राच्या कानात एक नाव ठेवलं. मग ते पोरगं गेलं. मित्र म्हणाला, दुसरं सांग. म्हातारा म्हणाला, पुढच्या आठवड्यात. असे पाचशे आठवडे गेले. तो मित्र एका मेलेल्या पोराचं नाव कानात घेऊन अंघोळ करतो, जेवतो, झोपतो. त्या गावचा म्हातारा फार वाईट माणूस नाही. पण त्या मित्राला आता ओझं होतंय बघ."

"त्या गावच्या म्हाताऱ्याच्या मुलीला कळलं," केने म्हणाली, आणि तिने कोकीचं पान सोडून त्याच्या हातात दिलं.

घरी आली तेव्हा ता काप्चे घरामागे होते. आर्मांच्या कबरीच्या कडेला बसून परसातले खड्डे बघत होते. भाऊ आत शिरले होते. त्यांचा वाद आता पत्रे आणि टाकी यांत मोठं काय यावर चालला होता.

"तुम्ही नाव बदललंच नाहीत," केने म्हणाली.

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. "कोण म्हणतं?"

"कोळी."

"कोळ्याला फार अक्कल झालीय."  ओरडतील असं तिला वाटलं, पण आवाज बारीकच आला. "पहिल्या वर्षी जीभच वळली नाही गं. दुसरं नाव घेतलं की हा खरंच गेला, असं वाटायचं. दुसऱ्या वर्षी बोनावांतूरने पत्रे घातले. तिसऱ्या वर्षी व्हेरोनिक गोड बोलायला लागली. मग वाटलं, घाई काय आहे? कुणालाच माहीत नाही तोवर सगळे येतात. कळलं की एकजण माझ्या मरणाची वाट बघेल, आणि बाकीचे फिरकणार नाहीत."

"आणि तुम्ही असेच गेलात तर? मयतात सोकेंगने कुणाचा दंड धरायचा? हे दोघे तुमच्या खड्ड्यात उतरून एकमेकांची डोकी फोडतील. आज एका झाडाखाली काय केलंय ते दिसतंय ना?"

"तू सांग मग. कोण?"

या प्रश्नाचं उत्तर केनेकडे कितीतरी वर्षं तयार होतं. बाजारात, शिवणाच्या मशीनवर, कपडे वाळत घालताना तिने ते अनेकदा मनात घोळवलं होतं. बोनावांतूर घर भाड्याने देऊन टाकेल. तेओफिल मळ्याचे चौकोन पाडेल. पण बोनावांतूरनेच आर्मांच्या पोरांना आपल्या घरी ठेवून शिकवलं होतं, कुणाला न सांगता. आणि आज खड्ड्यात बाटली धरून बसलेल्या तेओफिलचा चेहरा तिला विसरता येत नव्हता. 

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मलाही नाही. म्हणून तर."

"मग माहीत नसताना सांगा ता! आर्मांचं नाव सांगितलंत तेव्हा तरी काय माहीत होतं तुम्हाला? माहीत असतं तर सांगितलं असतंत का?"

ता काप्चेंनी कबरीवरच्या फरशीवरून हात फिरवला. माती नव्हती तरी झटकली. "उद्या सकाळी माझे चांगले बूट काढ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केने त्यांना हाताला धरून पलीकडच्या उतारावर घेऊन गेली. वाफोच्या जागी त्याचा भाऊ आला होता. तो डाव्या कानाने बहिरा, म्हणून ता काप्चे आठवणीने उजवीकडे बसले. केनेला त्यांनी खाली ओढ्याकाठच्या दगडावर जायला सांगितलं. तिथून तिला तीन पाठमोऱ्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या. टोप्या एकत्र आल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग ता काप्चेंची पाठ हलायला लागली, आणि सोकेंगने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. केनेने मान वळवली आणि पाण्याकडे बघत बसली.

निघताना ता काप्चेंचे डोळे लाल होते, पण चाल हलकी होती. सोकेंग केनेला निरोप द्यायला उठून उभा राहिला. गुडघ्यावर हात रेटून, कण्हत. बिशप आले होते तेव्हाही तो उठला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"सांभाळून जा," तो म्हणाला. "वाट निसरडी आहे."

वाट कोरडी ठणठणीत होती.

घरी भाऊ दारातच उभे होते. "कोण?" दोघांनी एकदम विचारलं.

"मला माहीत नाही. मी ओढ्यावर होते."

कुणाचाच विश्वास बसला नाही. बोनावांतूरने तिला बाजूला घेऊन सांगितलं की दुआलात शिवणाची विजेवर चालणारी फार छान मशीनं मिळतात, आणि तो तिच्यासाठी एक बघणारच होता. तेओफिलने वही उघडली, बराच वेळ खोडलं, आणि मग येऊन म्हणाला, "ताई, त्या विसाचा मी पुन्हा विचार केला." मा व्हेरोनिकने तिच्या हातातून भांडी काढून घेतली आणि तिला बसायला स्टूल दिलं. केनेला मनापासून हसू आलं. किती उघडी पडतात माणसं, तिला वाटलं.

पण दिवसभर काजं करताना सोकेंगचं ते उठणं तिच्या डोळ्यांपुढून जाईना. बाईला वारस केल्याचं खालच्या पाड्यावर एकदा झालं होतं म्हणतात. तो नुसता आदरही असेल. कोकीचे आभारही असतील. नव्वदीच्या माणसाला पाय मोकळे करावेसेही वाटत असतील.

संध्याकाळी भाऊ निघून गेल्यावर तिने ता काप्चेंचं ताट वाढलं. अळूच्या कांद्यांचा कुटलेला गोळा, वर पिवळी आमटी. डॉक्टरांनी मीठ बंद केल्याला सहा वर्षं झाली होती. म्हाताऱ्याने या सहा वर्षांत विनवण्या केल्या होत्या, ताट ढकललं होतं, एकदा रडलाही होता. केनेने एक कण दिला नव्हता.

त्यांनी पहिला घास घेतला. थांबले. दुसरा घेतला, सावकाश चावला. मग बोट आमटीत बुडवून चाटलं आणि मुलीकडे पाहिलं. केने उंबऱ्याकडे बघत होती, आणि तिचे कान तापले होते.

"छान झालंय," ता काप्चे म्हणाले. त्यांनी ताट हळूच तिच्याकडे सरकवलं. "पण उद्यापासून पुन्हा अळणी दे गं. या घरात मला नाही म्हणणारं एक तरी माणूस राहू दे."

केने ताट उचलून आत गेली, आणि चुलीपाशी उभं राहून तिने ती आमटी स्वतःच खाल्ली. मीठ जरा जास्तच पडलं होतं.